कॉर्नेट अपडेट: माऊथपीस नव्हे, गॅप!

वरचा जी हा सूर बसला, मंडळी! मागच्या वेळी लिहिलं होतं की हे मीरतचं जुनं कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं छोटं पितळी वाद्य) खालच्या पट्टीत झकास वाजतं, पण मधल्या सीच्या वर गेलं की सूर धरत नाही. जी फुंकावा तर तो एफ शार्पकडे घसरायचा, नाहीतर वर उसळायचा. ओठांनी आवळून धरला तरच टिकायचा, आणि तसं केलं की थोड्याच वेळात ओठ संपायचे. काल संध्याकाळी सोलापुरात संभाजी तलावाच्या कट्ट्यावर तोच जी लांब श्वासावर धरला आणि ट्यूनरचा काटा मध्यावर उभा राहिला. ओठांना काही करावंच लागलं नाही. बदल एकच होता: शँकभोवती, म्हणजे माऊथपीसच्या वाद्यात जाणाऱ्या दांड्याभोवती, स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल.

पिस्टन, फेल्ट, वॉटर की यांची दुरुस्ती आधीच झालीय, हवा कुठून गळत नाही. म्हणून तुमच्यापैकी बहुतेकांचा सल्ला होता की सोबत आलेला माऊथपीस टाकून दे आणि डेनिस विक कंपनीचा ४बी घे. सल्ला चांगलाच आहे. विक स्वतः लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा ट्रॉम्बोनवादक होता, आणि ब्रास बँडच्या कॉर्नेटला जो गोल, भरीव आवाज लागतो तो त्याच्या खोल कपातून खरंच येतो. पण पैसे भरण्याआधी मला एक गोष्ट खटकत होती. माझ्याकडचे सगळेच कॉर्नेट माऊथपीस या रिसीव्हरमध्ये, म्हणजे शँक बसते त्या नळीत, डुगडुगत होते. घट्ट दाबून फिरवला तरी टोकाला बारीकशी हालचाल जाणवायचीच.

मग मोजमाप काढलं. बारीक तारेचं टोक किंचित वाकवून रिसीव्हरमध्ये सरकवलं, लीडपाइपच्या (रिसीव्हरपुढे सुरू होणाऱ्या नळीच्या) काठाला अडकवलं आणि रिसीव्हरच्या तोंडाशी तारेवर खूण केली. खोली २२ मिमी. माऊथपीस बसवून शँकवर पेन्सिलने रेघ मारली, काढून मोजलं. तेही २२! म्हणजे शँकचं टोक थेट लीडपाइपला टेकत होतं. टेपरने (शँकच्या निमुळतेपणाने) पकड घेण्याआधीच माऊथपीस तळाला लागत होता, म्हणून ती डुगडुग. मार्करची शाई लावून फिरवून पाहिलं तर शाई फक्त तोंडापाशी एका अर्धवट पट्ट्यात पुसली गेली. हे कॉर्नेट एका लग्नाच्या बँडमधून आलंय. रोज माऊथपीस घालायचा, पिळायचा, काढायचा, असं वर्षानुवर्षं झाल्यावर रिसीव्हरचं तोंड झिजून मोठं झालं.

शँकचं टोक आणि लीडपाइपची सुरुवात यांच्यामध्ये साधारण ३ मिमी, म्हणजे एक अष्टमांश इंच, मोकळी जागा, म्हणजे गॅप, असावी असा ट्रम्पेटवाल्यांचा ढोबळ आकडा आहे. प्रत्येक वाद्याला थोडी कमी-जास्त चालते. माझ्याकडे ती शून्य होती.

इथे टेपरचं गणित कामी आलं. शँकचा उतार सुमारे १:२०, म्हणजे २० मिमी लांबीत व्यास १ मिमीने बदलतो. उलट बाजूने पाहा: व्यास ०.१ मिमीने वाढवला की माऊथपीस २ मिमी बाहेर येतो. झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी. तो दोन्ही बाजूंनी येणार, म्हणून व्यासात ०.२ आणि बाहेर येणं ४ मिमी. प्रत्यक्षात आला अडीच. बाकीचा कागद झिजलेल्या जागेचा सैलपणा भरण्यात गेला. डुगडुग तेवढ्यानेच गेली, आणि जी पहिल्यांदा ओळखीच्या जागी आला. पण आता तो फुंकताना अडखळत होता, हवा पुढे जातच नाही असं वाटत होतं. कागद काढून फॉइल घेतली. फॉइलचा एक वेढा माझ्या मायक्रोमीटरवर ०.०११ भरला, म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक. आता एकेक वेढा चढवत, उतरवत वाजवता आलं. मजा अशी की प्रत्येक वेढ्याचा फरक कानाला कळत होता! जास्त वेढ्यांवर जी घट्ट, पण आवाज कोंडलेला. कमी केले की आवाज मोकळा, पण स्वर पुन्हा निसटायला लागतो. १.८ मिमी गॅपच्या आसपास दोन्ही जमलं. वरचा ई अजून खाली आहे, पण तो पाचवा हार्मोनिक (नळीच्या मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा), आणि त्याला १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरण निसर्गानेच दिलीय. आता तो तेवढाच उतरतो, जास्त नाही, आणि तेवढं ओठाने सहज भरून निघतं.

प्रयोग करणार असाल तर रोज एकाच वेळी करा. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपार आणि रात्र यांत चांगलाच फरक असतो. ध्वनीचा वेग पाहिला तर हवेच्या एका अंशाला सुमारे ३ सेंट होतात. वाद्याच्या आत श्वासाची ऊब असल्याने प्रत्यक्ष फरक कमी पडतो, तरी गॅपचा परिणाम झाकायला पुरेसा आहे.

यावरून माऊथपीसच्या आकड्यांबद्दल माझं मत बदललं. बाख कंपनीचा ७सी म्हणजे विद्यार्थ्यांचा आणि ३सी म्हणजे पोचलेल्यांचा, असं आपण सर्रास बोलतो. बाखच्या तक्त्यात ७सीचा आतला व्यास १६.२० आणि ३सीचा १६.३०, म्हणजे फरक ०.१ मिमीचा. रिम आणि कपाचा आकार वेगळा आहे हे मान्य, ओठाला तो जाणवतो. पण माझ्या कॉर्नेटवर फॉइलच्या वेढ्यांनी जे केलं ते कुठल्याही माऊथपीसने केलं नव्हतं. मिरवणुकीत वाजवणारे जुने वादक आपला माऊथपीस फडक्यात बांधून खिशात ठेवतात आणि कुणाला देत नाहीत, त्यामागे सवयीइतकंच हेही कारण असणार: त्यांची शँक त्यांच्या वाद्याच्या झिजेशी जुळलेली असते.

ऑनलाइन घेताना मात्र जपून. ‘कॉर्नेट शँक’ लिहिलेला एक माऊथपीस मागवला, आली ट्रम्पेटची शँक. ती जाड असल्याने रिसीव्हरच्या तोंडातच अडकते. विक्रेत्याने परत घेतला, पण जाहिरात अजून तशीच आहे. विक्रेत्याकडून शँकच्या टोकाचा व्यास व्हर्नियरसकट फोटोत मागवा. देत नसेल तर सोडून द्या. उन्हात वाजवणाऱ्यांनी केली कंपनीचा लेक्सान प्लास्टिकचा माऊथपीस जवळ ठेवावा असं माझं ठाम मत आहे. आपल्या मे महिन्यात पितळ ओठाला लावणं म्हणजे शिक्षा.

फॉइल कायमची चालणार नाही, ती चुरगळते. म्हणून अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमचे पार्ट करणाऱ्या अण्णांच्या लेथवर गेलो. माझा बेत होता शँकवर पितळेची पातळ बाही चढवायचा. अण्णांनी कॉर्नेट हातात घेतलं, रिसीव्हरमध्ये बोट फिरवलं आणि म्हणाले, “शँकचं काय बघतावं ओ, झिजलंय तर हे की! हितं बुश मारू.” म्हणजे रिसीव्हरच्या आत नवी नळी बसवू. बरोबर आहे. शँकवर बाही चढवली तर प्रत्येक माऊथपीसला चढवावी लागेल. रिसीव्हर नीट केला की सगळेच बसतील.

फक्त बुशसाठी भिंत पातळ आहे आणि डाग द्यायला आच दिली तर शेजारचे जुने जोड सुटतील. तिथेच उभ्या उभ्या बेत पुन्हा बदलला: अख्खा रिसीव्हरच नवा करायचा, जुना जपून ठेवायचा. अण्णांकडे मोर्स १ या ठरीव टेपरचा रीमर (निमुळतं भोक कापायचं हत्यार) आहे, पण तो ट्रम्पेटच्या मापाचा, कॉर्नेटला मोठा. म्हणून लेथची कंपाउंड स्लाइड (हत्यार तिरकं सरकवणारी) १ अंश २६ मिनिटांवर लावून बोअर करायचं. स्लाइडवरच्या खुणांवर मिनिटं दिसत नाहीत, तेव्हा डायल लावून २० मिमी चालीत एका बाजूला अर्धा मिमी पडतो का ते पाहून कोन धरायचा, ही अण्णांचीच सूचना.

आणि हे लिहिता लिहिता सुचलं: बोअर मुद्दाम थोडं कमी ठेवायचं. मग माऊथपीस सुरुवातीला जास्त बाहेर राहील. वाजवून पाहायचं, बोअरचा व्यास ०.०२ मिमीने वाढवायचा, माऊथपीस ०.४ मिमी आत जाईल, पुन्हा वाजवायचं. फॉइलने जे शोधलं तेच पितळेत कोरता येईल. लेथशेजारी उभं राहून जी फुंकावा लागेल, अण्णांना विचारतो. ते हो म्हणतील असं वाटतंय.

तोवर एक मदत हवी. ज्यांच्याकडे चांगल्या अवस्थेतलं कॉर्नेट आहे त्यांनी शँक किती आत जाते आणि रिसीव्हर किती खोल आहे ही दोन मापं पाठवा. माऊथपीस कोणता तेही लिहा. विक ४बी वापरणारे असतील तर आधी त्यांचीच मापं हवीत, कारण रिसीव्हर झाला की तो मी मागवणारच आहे.