पंच्याहत्तर प्रश्न, नव्वद मिनिटं

शालेय शिष्यवृत्ती परीक्षेत दोन पेपर असतात. पहिल्यात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, दुसऱ्यात तृतीय भाषेचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५०. प्रत्येक पेपर १५० गुणांचा, वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, आणि त्यातच उतारा वाचणं, कच्चं काम, उत्तरपत्रिकेत पर्यायाचा गोल रंगवणं. ज्यांचा अभ्यास उत्तम झालाय अशी मुलंही या ७२ सेकंदांत अडकतात, आणि ते बघून जीव तुटतो.

पहिल्या पेपरला भाषेसाठी २५ मिनिटं, गणितासाठी ५५, उरलेली दहा सोडलेल्या प्रश्नांसाठी, अशी वाटणी बहुतेकांना जमते. दोन मिनिटांत रीत सुचली नाही तर प्रश्नाला खूण करून पुढे जायचं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटी एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

खरा घात गोलांत होतो. २३वा प्रश्न सोडला आणि २४व्याचं उत्तर २३च्या ओळीत रंगवलं की पुढची सगळी रांग सरकते. पेनने रंगवलेला गोल खोडता येत नाही. म्हणून उत्तर सापडलं की लगेच गोल रंगवावा, मनात प्रश्नाचा आणि पर्यायाचा आकडा म्हणत: ‘चोवीस, तीन.’ दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळतोय ना, ते बघावं. ‘शेवटी एकदम रंगवेन’ ही सवय पहिल्याच सरावात मोडा. घरी फक्त वहीत उत्तरं लिहून घेतली तर यातलं काहीच कळत नाही. उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या प्रती काढून ठेवा आणि सराव पेननेच करून घ्या. वरच्या इयत्तेच्या परीक्षेत तर काही प्रश्नांचे दोन पर्याय बरोबर असतात; दोन्ही रंगवले तरच गुण.

गणितात शब्द फसवतात. १ ते १०० लिहिताना २ हा अंक किती वेळा येतो? २० वेळा. २ हा अंक असलेल्या संख्या किती? १९, कारण २२ मध्ये तो दोनदा आलाय. मुलाला दोन्ही गणितं येत असतात, पण प्रश्न अर्धाच वाचलेला असतो. ‘नाही’, ‘चुकीचा’, ‘सोडून’ या शब्दांखाली रेघ मारायला शिकवा.

बुद्धिमत्तेत पाठांतरापेक्षा हात चालवणं उपयोगी. आरशातली प्रतिमा आणि जलप्रतिमा यांत मुलं कायम गोंधळतात: शेजारी धरलेल्या आरशात डावं-उजवं बदलतं, पाण्यात वर-खाली. खिशातला छोटा आरसा अक्षराच्या बाजूला आणि मग खाली उभा धरून दाखवा, पाच मिनिटांत उमगतं. रांगेत पुढून १२वा आणि मागून १५वा तोच मुलगा असेल, तर रांगेत २६ मुलं. त्याला दोनदा मोजलं म्हणून एक वजा. दिशांसाठी आपली मुंबईची लोकल आहेच. चर्चगेटहून विरारकडे तोंड केलं की समोर उत्तर, डाव्या हाताला समुद्र, म्हणजे पश्चिम. इथून सुरुवात केली की ‘उजवीकडे वळला, मग पुन्हा उजवीकडे’ हे मूल कागदावर बाण काढून सोडवतं.

सराव पेपर आठवड्याला एकच, पण तपासायला पेपरइतकाच वेळ द्या. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहून घ्या: वाचलं नाही, रीत येत नव्हती, आकडेमोड चुकली, की गोल चुकला. नुसते गुण मोजून दुसरा पेपर पुढ्यात टाकला तर त्याच चुका पुन्हा होतात. घरात टीव्ही, खाली लाऊडस्पीकर असला तरी एखादा पेपर तसाच सोडवू द्या. केंद्रावरही शांतता मिळेलच असं नाही.

परीक्षा बहुधा रविवारी असते, म्हणून आदल्या दिवशी रेल्वेचा मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघून घ्या. डबा हलका द्या. मधल्या सुट्टीत पहिल्या पेपरची उत्तरं विचारू नका. एक चूक कळली की मूल ती मनात घेऊनच दुसऱ्या पेपरला बसतं.