काटा घेऊन गेलं की शिरा होतो

मी सोलापुरात आहाराच्या सर्व्हेचं फील्डवर्क करते. काम म्हणजे एकाच माणसाचं खाणं वेगवेगळ्या पद्धतीनं नोंदवायचं अन् कुठली पद्धत खऱ्याच्या जास्त जवळ जाते ते बघायचं. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एका मावशींच्या घरचा दिवस अजून डोक्यातून जात नाही.

मावशी घरीच विड्या वळतात, वळता वळताच उत्तरं देतात. आधी त्यांचा तो लांबलचक फॉर्म झाला होता, अमुक पदार्थ आठवड्यातून किती वेळा, तमुक महिन्यातून किती वेळा (भाकरी आठवड्यातून किती वेळा हे विचारल्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की बास). मग २४ तासांचा रिकॉल, म्हणजे काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं. दोन भाकरी, आमटी, थोडा भात, दोनदा चहा. "अजून काय खाणार की हो मॅडम."

मग वजनाचा दिवस. सकाळी लवकर डिजिटल काटा घेऊन पोचले. पीठ, डाळ, तेल कच्चं असतानाच मोजायचं, शिजल्यावर पातेल्यासकट मोजायचं, ताटात वाढलेलं मोजायचं, उरलेलं वजा करायचं. पुस्तकात ही सगळ्यात नेमकी पद्धत. गेले तर चुलीवर शिरा, तुपाचा! पोळ्या, बटाट्याची भाजी, भजी पण. सूनबाई हळूच म्हणाल्या, "रोज कुठं असतंय ताई हे, तुम्ही येणार म्हणून." सगळं ग्रॅममध्ये लिहिलं, पण ते जेवण त्या घरचं नव्हतंच, पाहुण्याचं होतं.

खरी गंमत पुढं. मावशींनी स्वतः शिरा नुसता चाखला अन् डब्यातली कडक भाकरी काढून शेंगाचटणी अन् वरून तेल घेऊन खाल्ली. चटणी रिकॉलमध्ये कुठंच नव्हती! विचारलं तर म्हणाल्या, "ते काय जेवण आहे होय, ते तर असतंयच." म्हणजे शेंगदाणे, तेल, मीठ, तिन्ही गायब. अन् कडक भाकरीचं वेगळंच, पाणी उडून गेलेलं असतं त्यामुळं पीठ तेवढंच असूनही ती मऊ भाकरीपेक्षा हलकी भरते, नुसतं तयार भाकरीचं वजन धरलं तर हिशोब चुकतो, पीठच धरावं लागतं.

कमी सांगणं हे काही आपल्याकडंच नाही. अमेरिकेत ओपन नावाचा अभ्यास झाला, २००३ ला छापून आला, ४८४ लोक. त्यांना ड्यूटेरियम अन् ऑक्सिजन-१८ (हायड्रोजन अन् ऑक्सिजनचेच जड प्रकार) वालं पाणी पाजून लघवीवरून शरीरानं किती ऊर्जा खर्च केली ते काढलं. वजन स्थिर असेल तर खाल्लेलं अन् खर्च झालेलं साधारण सारखंच, म्हणून त्याच्याशी ताडून बघितलं तर बायकांनी रिकॉलमध्ये १६ ते २० टक्के कमी सांगितलं होतं अन् फॉर्मवर ३४ ते ३८ टक्के. पुरुषांचं पण साधारण तसंच. ते पाणी इतकं महाग की आमच्या बजेटात स्वप्नात पण बसणार नाही.

मीठ किती खाल्लं ते काढायला २४ तासांची लघवी गोळा करतात, कारण खाल्लेल्या सोडियमचा बहुतेक भाग तिथंच निघतो. मावशींना कॅन दिला होता, पण दुपारी विड्या द्यायला कारखान्यात गेल्या अन् तेवढ्या वेळची राहिली. कॅन घेऊन कोण जाईल हो रस्त्यानं? लघवीतून रोज साधारण ठराविक निघणाऱ्या क्रिएटिनिनवरून अंदाज येतो पूर्ण आहे की नाही त्याचा, पण गेलेली लघवी काही परत येत नाही.

निघताना सहज विचारलं, तेल महिन्याला किती लागतं. सूनबाई लगेच म्हणाल्या, पाच लिटरचा एक कॅन. घरात सहा माणसं, म्हणजे माणशी रोज २८ मिलीच्या आसपास. रिकॉलमधून मावशींचं जे निघालं होतं ते याच्या निम्मं पण नव्हतं. आता यात पाहुणे आले, तळून टाकलेलं तेल आलं, अन् लेकरं बाहेर भजी खातात ते येत नाही, मला माहितीय. तरी पुढच्या घरांपासून मी किराणा आधी विचारते अन् रिकॉल संपताना चटणी, लोणचं, वरचं तेल असं एकेक नाव घेऊन विचारते. काट्याचा दिवस मात्र सर म्हणतात प्रोटोकॉलमध्ये आहे, ठेवावा लागेल. ठेवते. शिऱ्यासकट.