स्लॉटची बेरीज होते, विद्येची नाही

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत ‘लेव्हल’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लावलाय. मल्टिक्लास, म्हणजे एकाहून जास्त क्लास (विझार्ड, क्लेरिक असे पेशे) घेतलेल्या, जादूगाराच्या शीटवरचा (पात्राच्या नोंदीच्या कागदावरचा) गोंधळ तिथूनच सुरू होतो. कोल्हापुरात मराठीतून खेळणाऱ्या टेबलांना यातून सोपी वाट आहे. पात्राची एकूण ती लेव्हल, क्लासमधली ती इयत्ता, आणि स्पेलची (मंत्राची) ती पायरी. ‘विझार्डच्या तिसरीत, क्लेरिकच्या दुसरीत, लेव्हल पाच’ असं बोललं की कुठला आकडा कुठे लावायचा ते ऐकतानाच कळतं. खाली हेच शब्द वापरलेत. नियम २०१४ च्या पुस्तकातले आहेत, २०२४ चे काही बदल त्या त्या ठिकाणी सांगितलेत.

दुसऱ्या क्लासमध्ये प्रवेशाची अट आधी बघा. मुख्य गुणात किमान १३ हवेत, आणि ते नव्या क्लासच्या गुणात हवेत तसे जुन्याच्याही. विझार्डला इंटेलिजन्स, क्लेरिक आणि ड्रुइडला विज्डम, बार्ड, सॉर्सरर आणि वॉरलॉकला करिश्मा. पॅलाडिनला स्ट्रेंग्थ आणि करिश्मा दोन्ही लागतात, रेंजरला डेक्स्टेरिटी आणि विज्डम दोन्ही.

मग स्लॉटचा, म्हणजे विश्रांतीपर्यंत स्पेल टाकायच्या मोजक्या वाट्यांचा, हिशेब. बार्ड, क्लेरिक, ड्रुइड, सॉर्सरर, विझार्ड यांच्या इयत्ता पूर्ण धरायच्या. पॅलाडिन आणि रेंजरच्या निम्म्या, एल्ड्रिच नाइट आणि आर्केन ट्रिकस्टर या उपशाखांच्या एक तृतीयांश, अपूर्णांक सोडून. येईल ती बेरीज मल्टिक्लासच्या कोष्टकात शोधायची. वरच्या उदाहरणात ३ आणि २ मिळून ५, म्हणजे पहिल्या पायरीचे ४, दुसरीचे ३ आणि तिसरीचे २ स्लॉट.

चूक होते ती यापुढे. तिसऱ्या पायरीचे स्लॉट दिसले की लोक शीटवर फायरबॉल हा तिसऱ्या पायरीचा स्पेल लिहून मोकळे होतात. तो मिळत नाही. कुठले स्पेल तयार करता येतील हे प्रत्येक क्लासचं वेगळं बघायचं, जणू दुसरा क्लास घेतलाच नाही. विझार्डच्या तिसरीत दुसऱ्या पायरीपर्यंतचे, क्लेरिकच्या दुसरीत फक्त पहिल्या पायरीचे. इंटेलिजन्स १६ असेल तर विझार्डचे इयत्तेचे ३ अधिक गुणाच्या बोनसचे ३, सहा स्पेल. विज्डम १४ असेल तर क्लेरिकचे २ अधिक २, चार, आणि डोमेनचे (क्लेरिकच्या शाखेचे) वेगळे. (२०२४ मध्ये ही संख्या क्लासच्या कोष्टकातच दिली आहे.) विझार्डच्या स्पेलबुकालाही (स्पेल उतरवून ठेवायच्या वहीलाही) हीच मर्यादा. फायरबॉलचा स्क्रोल सापडला तरी उतरवून घेण्यासाठी १५० सोन्याची नाणी आणि ६ तास आत्ताच खर्चू नका, विझार्डची पाचवी येईपर्यंत तो उतरवता येत नाही.

मग ते दोन मोठे स्लॉट कशाला? खालच्या पायरीचे स्पेल वर चढवून टाकायला. तिसऱ्या पायरीच्या स्लॉटवर मॅजिक मिसाइलचे तीनाऐवजी पाच बाण सुटतात, जखमा भरणारा क्युअर वूंड्स १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) ऐवजी ३डी८ देतो. स्पेल ज्या क्लासमधून आला त्याचाच गुण त्याला लागतो, त्यामुळे शीटवर दोन डीसी (स्पेल चुकवायला समोरच्याला गाठावा लागणारा आकडा) लिहावे लागतात. इथे विझार्डचा १४, क्लेरिकचा १३. कँट्रिप (स्लॉट न लागणारे स्पेल) मात्र एकूण लेव्हलवर वाढतात: ५, ११ आणि १७ ला.

किंमत किती पडते तेही नीट बघा. निव्वळ विझार्डला लेव्हल ५ ला फायरबॉल मिळतो, या पात्राला लेव्हल ७ ला. गुण वाढवायची संधी क्लासच्या चौथीत येते, म्हणून तिसरी-दुसरीवर थांबलेल्याला लेव्हल ५ ला ती एकदाही मिळालेली नसते. आमचं स्पष्ट मत असं की मुख्य क्लासची पाचवी पूर्ण केल्याशिवाय बाहेर पाऊल टाकू नये. अपवाद एकच, चिलखतासाठी क्लेरिकची पहिली. तिच्यामुळे विझार्डला मध्यम चिलखत आणि ढाल मिळते, आणि स्लॉटही मागे पडत नाहीत.

पण ढाल घेतली की हात कमी पडतात. ढालीवर कोरलेलं पवित्र चिन्ह फक्त क्लेरिकच्या स्पेलना चालतं. विझार्डच्या स्पेलना आर्केन फोकस (साहित्याच्या जागी चालणारी जादूची वस्तू) किंवा काँपोनंट पाउच (साहित्याची पिशवी), आणि एक मोकळा हात हवा. एका हातात गदा, दुसऱ्यात ढाल असेल तर ‘शील्ड’ स्पेल टाकता येत नाही, कारण त्याला हातवारे लागतात. वॉर कास्टर हे फीट (खास कौशल्य) घ्या, नाहीतर गदा कमरेलाच राहू द्या.

पॅलाडिनचा हिशेब वेगळा चुकतो. पॅलाडिन तिसरी, सॉर्सरर पहिली: ३ चे निम्मे १, अधिक १, म्हणजे २. कोष्टकात पहिल्या पायरीचे ३ स्लॉट, आणि तेवढे तर एकट्या पॅलाडिनला तिसरीतच होते. एक अख्खी लेव्हल खर्चून स्लॉट एकही वाढला नाही. २०२४ मध्ये निम्मे वरच्या बाजूला धरतात, त्यामुळे बेरीज ३ होते आणि ४ व २ असे स्लॉट मिळतात. पॅलाडिन तिसरी आणि फायटर दुसरी असेल तर मल्टिक्लासचं कोष्टक उघडायचंच नाही. स्पेल एकाच क्लासचे आहेत, पॅलाडिनचं कोष्टक पुरतं.

वॉरलॉक या बेरजेत धरायचाच नाही. एकाच ताटात तांबडा आणि पांढरा वेगवेगळ्या वाट्यांत येतात, तसे पॅक्टचे (वॉरलॉकचे) स्लॉट शीटवर वेगळ्या चौकटीत लिहा. कुठल्याही वाटीतून कुठल्याही क्लासचा स्पेल टाकता येतो, पण पॅक्टची वाटी तासाभराच्या शॉर्ट रेस्टने भरते आणि दुसरी लाँग रेस्टनेच. सॉर्सरर तिसरी, वॉरलॉक दुसरी म्हणजे एका वाटीत ४ आणि २, दुसरीत पहिल्या पायरीचे २. हा जोड परवडतो की नाही हे डीएम (खेळ चालवणारा) दिवस कसा आखतो त्यावर ठरतं. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात मोहीम नेली, गंगा, यमुना, सरस्वती या तिन्ही कोठ्यांत एकेक लढत ठेवली आणि मध्ये दोनदा विश्रांती मिळाली, तर ते २ स्लॉट दिवसभरात ६ होतात. रविवारच्या बैठकीत एकच मोठी लढत आणि लगेच लाँग रेस्ट असेल, तर ते २ चे २ च राहतात. अशा टेबलावर सॉर्सररने वॉरलॉककडे वळू नये.

याच जोडातून पॅक्टचे स्लॉट सॉर्सरी पॉइंटमध्ये (सॉर्सररच्या जादूच्या गुणांमध्ये) आणि पॉइंट पुन्हा स्लॉटमध्ये बदलत, लाँग रेस्ट टाळून साठा करत जाण्याची युक्ती निघते. हातातले पॉइंट सॉर्सररच्या इयत्तेपेक्षा जास्त होत नाहीत, पण बनवलेले स्लॉट लाँग रेस्टपर्यंत टिकतात, म्हणून ती चालते. डीएमने यासाठी नवा नियम बनवायची गरज नाही. २०१७ च्या पुरवणी पुस्तकात लाँग रेस्टशिवाय गेलेल्या दर २४ तासांना कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तग धरण्याची फाशाची परीक्षा) आहे. डीसी १० पासून सुरू होतो, दर खेपेला ५ ने चढतो, आणि चुकला की एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी. मोहीम सुरू होण्याआधी हे टेबलावर मोठ्याने वाचून दाखवा.