आमची वाटचाल : लेझर कोरीव काम आणि नमुन्यांची वही

आमच्या लेझर यंत्राशेजारी खिळ्याला एक जाड वही टांगलेली असते. पानापानावर लाकडाचा, ॲक्रिलिकचा, चामड्याचा तुकडा चिकटवलेला आणि खाली स्पीड, पॉवर, कोरताना किरण मारतो त्या ओळींमधलं अंतर, लेन्स आणि तारीख. धंदा सुरू केल्यापासून जे जे उमगलं ते या वहीत आहे. नव्याने या कामात उतरणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून आमची वाटचाल तिच्याच आधाराने मांडत आहोत.

पहिला निर्णय यंत्राचा. या धंद्यात तीन प्रकारचे लेझर चालतात आणि त्यांचा सगळा फरक तरंगलांबीत आहे. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. लाकूड, ॲक्रिलिक, चामडं, कागद, कापड, काच ती शोषून घेतात; उघडा धातू मात्र ती परतवून लावतो. फायबर लेझर १.०६४ मायक्रॉनचा, तो धातूसाठी. निळा डायोड साधारण ४५० नॅनोमीटरचा. लाकडावर बरा चालतो, पण पारदर्शक ॲक्रिलिकमधून सरळ आरपार जातो. आम्ही किरण तयार करणारी ६० वॅटची काचेची ट्यूब आणि माल ठेवायचा ६०० × ४०० मिमीचा बेड असलेलं सीओटू यंत्र घेतलं. सीओटू लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातलं. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे आवर्जून सांगतो.

जास्त वॅट म्हणजे जास्त चांगलं, हा हिशेब कटिंगला लागू पडतो, कोरीव कामाला नाही. मोठ्या ट्यूबचा किरण जाड असतो आणि कमी पॉवरला ती स्थिर पेटत नाही. साधारण १० टक्क्यांखाली तर बहुतेक काचेच्या ट्यूब धड पेटतच नाहीत. पातळ कागदावर किंवा विनिअरवर (लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर) नाजूक काम करायचं असेल तर लहान ट्यूबच हाताशी येते.

यंत्र आलं की सगळ्यांना कोरायची घाई होते. आधी पाण्याकडे बघा. ट्यूब थंड ठेवायला डिस्टिल्ड पाणीच हवं. नळाच्या पाण्यातल्या क्षारांमुळे ते वीज वाहून नेतं, आणि ट्यूबवर काही हजार व्होल्टचा दाब असल्याने ठिणगी पडून ट्यूब आणि पॉवर सप्लाय दोन्ही जाऊ शकतात. शिवाय क्षारांचा थर साचतो तो वेगळाच. पाणी १८ ते २२ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतो. नुसत्या पंख्याचा चिलर पाणी खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, म्हणून उन्हाळ्यात तो कुचकामी. कंप्रेसर असलेलाच घ्यावा. दमट हवेत उलटी अडचण येते. पाणी फार गार ठेवलं तर ट्यूबच्या किरण बाहेर पडणाऱ्या टोकावर दव धरतं, आणि त्या दवातून किरण गेला की टोकाची काच खराब होते. अशा दिवसांत आम्ही तापमान दोन-तीन अंशांनी वर घेतो. ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा अडकला तर तेवढीच जागा तापते आणि काच तडकते. त्यासाठी ट्यूब बसवतानाच पाणी बाहेर पडणारी नळी वरच्या बाजूला येईल अशी फिरवून घ्यायची. पाणी थांबलं की लेझर बंद करणारा फ्लो स्विच काम करतो की नाही, हे महिन्यातून एकदा नळी दाबून तपासतो.

पडद्यावरच्या टक्क्यांवर विसंबू नये. ट्यूब जुनी होते तसा तोच ६० टक्के आकडा कमी प्रकाश देतो. ट्यूबच्या मार्गात एक साधा मिलिअँपिअर मीटर बसवून घ्या, तोही यंत्र पुरवणाऱ्या माणसाकडूनच, कारण ते व्होल्टेज जीवघेणं आहे. आमच्या ट्यूबला आम्ही १८ मिलिअँपिअरच्या वर जाऊ देत नाही. कमाल करंटवर रोज चालवलेली ट्यूब वेळेआधी थकते.

आता आरसे. तीन आरशांवरून उड्या मारत किरण लेन्सपर्यंत येतो. दुसऱ्या आरशाच्या तोंडावर कागदी टेप लावायची, लेन्स असलेलं यंत्राचं डोकं जवळच्या कोपऱ्यात आणून किरणाचा एक टिचकीभर पल्स द्यायचा, मग तेच डोकं लांबच्या कोपऱ्यात नेऊन पुन्हा एक. टेपवर दोन तपकिरी ठिपके उमटतात. ते एकमेकांवर बसले तर आरसा सरळ आहे. शेजारीशेजारी पडले तर पहिल्या आरशाचा स्क्रू एक अष्टमांश फेराच फिरवायचा आणि पुन्हा बघायचं. ठिपका मधोमध पडण्यापेक्षा चारही कोपऱ्यांत एकाच जागी पडणं महत्त्वाचं. इथे चुकलं तर बेडच्या एका कोपऱ्यात कोरीव गडद आणि दुसऱ्यात फिकं येतं, आणि माणूस विनाकारण पॉवर वाढवत बसतो. शेवटी ८ मिमी ॲक्रिलिकचा तुकडा कापून गुण्याला (काटकोन तपासायच्या पट्टीला) लावा. कड तिरपी आली तर किरण लेन्समधून सरळ खाली उतरत नाही.

फोकस डोळ्यांनी ठरवू नका. एक फळी एका टोकाला १५-२० मिमी उचलून तिरपी ठेवा आणि तिच्यावर लांबीने एक रेघ मारा. रेघ जिथे सर्वांत बारीक, तिथली लेन्सपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीचा ठोकळा कापून घ्या. तोच कायमचा गेज. लेन्स बसवताना फुगीर बाजू वर. ती झिंक सेलेनाइडची असते. तडकली तर भुगा बोटांनी गोळा करू नका, तो विषारी आहे. दर आठ तासांच्या कामानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्सचा कागद घेऊन हलक्या हाताने पुसावी. धूर बसलेली लेन्स स्वतःच तापते आणि फुटते.

मालाची ओळख हा धंद्याचा अर्धा भाग. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) एकसारखा जळतो, म्हणून सरावाला उत्तम. प्लायवूडमध्ये आतल्या थरात डिंकाची गाठ असते आणि तेवढ्याच जागी कटिंग अर्धवट राहतं. शीट उजेडासमोर धरली तर पातळ प्लायमधली गाठ काही वेळा काळी दिसते. ॲक्रिलिक विचारून घ्या: कास्ट (साच्यात ओतलेलं) की एक्स्ट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेलं)? कास्टवर कोरलं की दुधाळ पांढरं उठतं आणि ट्रॉफीला तेच हवं असतं. एक्स्ट्रूडेडवर कोरीव पारदर्शकच राहतं, कडेला वितळलेले मणी चिकटतात. काचेवर कमी पॉवर, ओळींमध्ये जास्त अंतर आणि वर ओला कागद. नाहीतर कपच्या उडतात.

पीव्हीसी, रेक्झिन, विनाइल यांना मात्र आमच्याकडे प्रवेशच नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसाला घातक आणि यंत्राच्या रेल, बेअरिंग, लेन्स सगळ्यांना गंज चढवणारा. माल कुठला कळत नसेल तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवायची, मालाला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. गिऱ्हाइकाला नम्रपणे नाही म्हणायचं. क्रोम टॅनिंगचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडंही आम्ही टाळतो, वनस्पतीजन्य टॅनिंगचंच घेतो.

नवा माल आला की वहीसाठी त्यावर चौकोनांची एक चाचणी-जाळी कोरायची: आडवं पॉवर, उभं स्पीड, १० मिमीचे चौकोन. तेच लाकूड, तोच पुरवठादार, तरी नव्या लॉटला नवी जाळी. ओलावा बदलला की रंग बदलतो. कटिंगची फट, म्हणजे कापताना किरण जाळून टाकतो ती रुंदी, मोजायला एकाच पट्टीत २० मिमीचे दहा चौकोन सामाईक रेषांनी कापा, सगळे एका बाजूला सरकवा आणि उरलेली जागा मोजून ११ ने भागा, कारण काप अकरा असतात. १.६५ मिमी आली तर फट ०.१५ मिमी. खाच घट्ट बसणारी पेटी करायची तर हा आकडा हवाच.

मराठी अक्षरांबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की रफार हलतो, जोडाक्षर फुटतं. म्हणून फाइल कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषा करूनच घ्या आणि कर्व्ह केल्यावर मूळ मजकुराशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. दुसरी अडचण शिरोरेघेची. कर्व्ह केल्यावर प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. तशीच फाइल कोरली तर चढलेला भाग सॉफ्टवेअर पोकळ समजतं आणि शिरोरेघेत बारीक कोऱ्या फटी दिसतात. कापली तर नावाचे तुकडे पडतात. आधी सगळं वेल्ड करून एकसंध बाह्यरेषा करायची. मग शिरोरेघच सबंध नाव धरून ठेवते, ही आपल्या लिपीची मोठी सोय आहे. सुटा पडतो तो अनुस्वार. ‘आनंद’ कापून काढलं की ‘न’वरचा ठिपका बेडच्या जाळीतून खाली जातो. त्याला शिरोरेघेशी किमान १.५ मिमी रुंदीचा पूल द्यावा लागतो, ३ मिमी प्लायमध्ये त्याहून बारीक पूल हाताळताना मोडतो. चंद्रबिंदू, विसर्ग यांनाही तेच.

दर ठरवताना मिनिटं मोजा. १०० × १०० मिमीचं चित्र ०.१ मिमी अंतराने म्हणजे १००० ओळी. ३०० मिमी प्रतिसेकंद वेगाने नुसता प्रवास साडेपाच मिनिटांचा, शिवाय दर ओळीला थांबून वळण्याचा वेळ वेगळा. २०० × २० मिमीची नावपट्टी आडवी ठेवली तर २०० ओळी, उभी ठेवली तर २०००. पट्टी तीच, वळणं दहापट. आणि एका किचेनला यंत्राची तीन मिनिटं लागली तरी फाइल नीट करायला वीस लागतात. त्या वीस मिनिटांचे पैसे बिलात वेगळे दाखवायला आम्ही फार उशिरा लागलो. पहिल्या दिवसापासून दाखवा. संख्या मोठी असेल तर ३ मिमी एमडीएफमध्ये वस्तूपेक्षा ०.२ मिमी मोठे कप्पे कापून जिग (वस्तू जागेवर धरणारा साचा) करा. चोवीस किचेन एकदम बसतात आणि प्रत्येकाचं मोजमाप वाचतं.

आगीचं भान कायम हवं. बहुतेक ज्वाळा बेडच्या जाळीखाली साचलेल्या कपच्यांतून उठतात, म्हणून ट्रे रोज रिकामा. किरण पडतो त्या जागी सोडलेल्या हवेचा जोर कटिंगला पूर्ण, कोरताना मंद. हवा बंद पडली की काम थांबलंच पाहिजे. यंत्र चालू असताना माणूस खोलीबाहेर जात नाही आणि सीओटू अग्निशामक हाताच्या अंतरावर असतो. पुढे फायबर यंत्र जोडलं तेव्हा नियम आणखी कडक झाले. सीओटूचा किरण ॲक्रिलिकचं झाकण अडवतं, फायबरचा अडवत नाही. तो दिसत नाही आणि थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचतो. चष्मा १०६४ नॅनोमीटरसाठीचाच आहे ना, हे त्यावर छापलेल्या आकड्यावरून बघूनच घालायचा.

गिऱ्हाइकाने स्वतःची वस्तू आणली, एखादं जुनं पेन किंवा आजोबांच्या घड्याळाची लाकडी पेटी, तर दुसरी संधी नसते. अशा वेळी वस्तूवर कागदी टेप चिकटवून अगदी कमी पॉवरवर मजकूर आधी टेपवरच उमटवतो. गिऱ्हाइकाला समोर बसवून जागा, आकार आणि नावातला प्रत्येक काना-मात्रा वाचून घ्यायला सांगतो. त्यांनी होकार देऊन कागदावर सही केली की वस्तू जागची न हलवता टेप सोलायची आणि तीच फाइल वहीतल्या आकड्यांवर चालवायची.