घोड्याला घेऊन कॅम्पिंग, लँड बिटवीन द लेक्स, केंटकी

घोडा घेऊन कॅम्पिंगला जायचं म्हटलं की तंबू, शेगडी, मक्याची कणसं वगैरे सगळं शेवटी येतं, आधी येते घोड्याची ब्लड टेस्ट. खरंच सांगते. कॉगिन्स टेस्ट म्हणतात तिला, इक्वाइन इन्फेक्शियस अनिमिया नावाचा एक रोग आहे, घोडामाश्या चावून एका घोड्याचा दुसऱ्याला होतो, त्याला औषध नाही आणि इकडे लसही नाही. पॉझिटिव्ह निघाला तर घोड्याला एकतर कायमचं झोपवतात नाहीतर जन्मभर बाकी घोड्यांपासून २०० यार्ड लांब ठेवतात. त्यामुळे वर्षाच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट नसेल तर कॅम्पग्राउंडवर घोडा उतरवायचाच नाही. आम्ही राहतो नॅशव्हिलजवळ, म्हणजे टेनेसीत, आणि जायचं होतं केंटकीला, राज्याची हद्द ओलांडायची म्हणून व्हेटकडून, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडून, हेल्थ सर्टिफिकेट वेगळं, ते साधारण ३० दिवसच चालतं, म्हणून फार आधी काढूनही उपयोग नाही. व्हेटने माझ्या घोड्याचे, डस्टीचे, दोन्ही बाजूंनी आणि समोरून फोटो काढले, कपाळावरचा पांढरा टिळा, पायांचे पांढरे मोजे सगळं फॉर्मवर नोंदवलं. घोड्याचं आधार कार्डच म्हणा. लॅबचा रिपोर्ट यायला काही दिवस जातात, तेव्हा आदल्या आठवड्यात धावपळ करू नका.

डस्टी म्हणजे मी लीजवर घेतलेला टेनेसी वॉकिंग हॉर्स. या जातीची चाल इतकी गुळगुळीत असते की माझ्यासारखी चाळिशीत शिकलेली बाईसुद्धा तासन् तास बसू शकते. बार्नच्या, म्हणजे तबेल्याच्या, मालकीणबाई आणि त्यांची घोडी बरोबर होती, घोडे न्यायचा ट्रेलर त्यांचा, ट्रकही त्यांचा. नवरा आणि मुलगी मागून गाडीने सामान घेऊन.

ट्रेलरबद्दल बाईंनी जे शिकवलं ते सोनं आहे. निघायच्या आधी रबर मॅट उचलून खालच्या फळ्या चाकूच्या टोकाने टोचून बघायच्या, कारण घोड्याच्या मुताने लाकूड आतून कुजतं, वरून कळत नाही आणि वर उभा असतो ५०० किलोचा प्राणी. मग टायरची हवा, सेफ्टी चेन, आणि ब्रेकअवेची बॅटरी, म्हणजे ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लागतात ती. डस्टी दोन वेळा अडला, मग वैरणीची जाळी आत दिसल्यावर स्वतःच चढला.

आता जागेबद्दल. टेनेसी नदीवर धरण बांधून १९४४ ला केंटकी लेक झाला, कंबरलँड नदीवरचं धरण १९६६ चं, त्यातून लेक बार्कली, आणि दोन्हीच्या मधे जी लांबलचक जमिनीची पट्टी राहिली ती लँड बिटवीन द लेक्स. १९६३ मध्ये केनेडींच्या काळात ती राखीव केली, आता फॉरेस्ट सर्व्हिसकडे, म्हणजे सरकारी वनखात्याकडे आहे. बार्कलीच्या बाजूला रँगलर्स नावाचं घोडेवाल्यांचं कॅम्पग्राउंड आहे, घोडा ठेवायला भाड्याने स्टॉल, म्हणजे बंदिस्त खण मिळतात, वीज-पाणी असलेल्या साइट मिळतात, आणि तिथूनच ट्रेल, म्हणजे जंगलातल्या वाटा सुरू होतात. आजूबाजूला लोकांचे ट्रेलर असे की पुढे बेडरूम-किचन आणि मागे घोडे. आमचा तंबू बघून एका आजोबांनी फार दयेने खुर्च्या आणून दिल्या.

खरी परीक्षा पाण्याची. घोड्याला दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागतं, उन्हात जास्तच, आणि नव्या जागेचं पाणी वेगळं लागलं की बरेच घोडे तोंडच लावत नाहीत. पाणी नाही प्यायला की आतड्यात चारा सुकतो, आणि कॉलिक, म्हणजे जोराची पोटदुखी झाली की जिवावर बेततं, घोड्याला उलटी करताच येत नाही. म्हणून आम्ही निघायच्या आधीपासून घरीच बादलीत थोडा अ‍ॅपल ज्यूस टाकून त्याला चव लावली होती, तिकडेही तोच ज्यूस, शिवाय घरचं पाणी दोन मोठ्या कॅनमध्ये. तरी साहेबांनी संध्याकाळभर नुसतं नाक बुडवून फुर्र केलं. मग काय, वैरण भिजवून घातली, थोडं मीठ चाटवलं, अंगात पाणी कमी पडलंय का बघायला मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची, पटकन बसली तर ठीक, आणि कुशीला कान लावून पोटातली गुरगुर ऐकायची. गुरगुर चालू आहे म्हणजे बरं, शांतता म्हणजे व्हेटला फोन. रात्री मी बॅटरी घेऊन परत परत स्टॉलला, नवरा म्हणाला तूच झोप तिकडे. पहाटे बादली अर्धी रिकामी दिसली तेव्हा कुठे माझा चहा गोड लागला.

बांधायची पद्धत बघून मला गंमत वाटली. मी मूळची शहाद्याची, सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोड्यांच्या रांगाच्या रांगा बघत मोठी झाले, तिथे अगाडी-पिछाडी, पुढून दोर मागून दोर. इथे मागचे पाय कोणी बांधत नाही. दोन झाडांमधे डोक्याच्या वर दोर ताणायचा, झाडाची साल सोलू नये म्हणून रुंद पट्टे गुंडाळायचे, आणि घोडा त्या दोराला अडकवायचा, तेही हॉल्टरने, म्हणजे तोंडात कडी नसलेल्या मुखपट्ट्याने, लगामाने कधीच नाही, दचकून मागे खेचला तर जबडा फाटेल. गाठ अशी की एका झटक्यात सुटली पाहिजे. स्टॉलमधे अंथरायला लाकडाचा भुसा लागतो, त्यात ब्लॅक वॉलनटचं लाकूड असेल तर खुरांना लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली दुखरी सूज होते, म्हणून भुसा पाकीटबंदच घ्या. आणि लीद! दिवसाला वीसेक किलो. मुलीला वाटलं होतं सुट्टीत फक्त घोड्यावर बसायचं असतं, तिच्या हातात फावडं दिलं.

ट्रेलवर ओक आणि हिकरीचं दाट जंगल, मधेच उतार संपून समोर एकदम पाणी. आणि मधेच जुनी कबरस्तानं. इथली गावं, शेतं, चर्च सरकारने खाली करून घेतली, माणसं गेली, कबरी राहिल्या, दोनशेच्या वर आहेत म्हणे या पट्टीत. धरणग्रस्त म्हणजे काय हे आमच्या नंदुरबारकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, तिथे मी डस्टीवरून उतरले आणि चालतच पुढे गेले.

गोचिड्या मात्र अफाट. माणसांच्या पँटवर परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक मारून न्या, आणि रोज खरारा करताना घोड्याच्या आयाळीत, शेपटीच्या मुळाशी, मांड्यांच्या मधे हात फिरवून बघा. लोन स्टार जातीची गोचिडी चावली तर काहींना मटण-बीफची अ‍ॅलर्जी होते, हे ऐकल्यावर नवऱ्याने मोजे पँटवर चढवले ते घरी येईपर्यंत काढले नाहीत.

कधी जावं विचाराल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत नको, घोडामाश्या घोड्याला वेडं करतात. शरद ऋतू चांगला, फक्त रेड मेपलची सुकलेली पानं घोड्याला विषारी असतात, तेव्हा असल्या झाडाखाली बांधू नका, आणि शिकारीचा सीझन असतो म्हणून स्वतःला आणि घोड्याला भडक केशरी काहीतरी घाला. स्टॉल साइटबरोबरच बुक करा.