'महागाई'च्या रकान्यात कांदा

मे २०२४चा दुसरा आठवडा. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी लोकसभेचं मतदान २० तारखेला होतं आणि एका पक्षासाठी चाललेल्या सर्वेक्षणात मी चांदवड तालुक्यातली घरं करत होते. टॅबमधला सातवा प्रश्न असा: मत देताना तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कोणता? पर्याय होते महागाई, बेरोजगारी, रस्ते-पाणी, राष्ट्रीय सुरक्षा, राम मंदिर, इतर.

भर दुपारी एका मळ्यात पोहोचले. कांदा साठवायच्या चाळीच्या सावलीत एक मावशी उन्हाळ कांदा निवडत होत्या, गोल्टी म्हणजे बारका कांदा एकीकडे, चांगला माल एकीकडे. हात न थांबवता त्या उत्तरं देत होत्या. घरकुल मिळालं. गॅस मिळाला. किसान सन्मानचे दोन हजारही येतात. सातव्या प्रश्नावर म्हणाल्या, "कांदा लिहा."

पर्यायांत कांदा नव्हता. सुपरवायझरना फोन लावला. "भावाचंच ना? महागाईत टाक आणि पुढं चल."

मी मावशींना विचारलं, "महागाई लिहू का?"

त्यांचा हात पहिल्यांदाच थांबला. "महागाई कसली, ताई? कांदा महाग झाला असता तर पोरीचं लग्न नसतं का उरकलं?"

मग त्यांनी खांबाला खिळ्यावर टोचलेली बाजार समितीची पावती काढून दाखवली. ८ डिसेंबर २०२३ला कांद्यावर निर्यातबंदी लागली. शेजाऱ्याचा लाल कांदा त्याआधी क्विंटलला तीन हजारानं गेला होता, यांचा आठ दिवसांनी पंधराशेनं. साठ क्विंटल माल, म्हणजे नव्वद हजारांचा फटका. शहरात कांदा महागू नये म्हणून केलेला उपाय यांच्या चाळीवर असा येऊन पडला होता, आणि आमच्या टॅबमध्ये शहरातल्या गिऱ्हाइकाचं दुखणं आणि यांचं दुखणं एकाच रकान्यात बसणार होतं.

"पण ४ तारखेला बंदी उठली ना?" मी म्हटलं.

"उठली. माझा लाल कांदा तवाच गेला ना. आन् उठवली तरी निर्यातीवर चाळीस टक्के कर ठेवलाच." थोडं थांबून म्हणाल्या, "दोन हजार देत्यात ते मोबाइलवर दिसतं, ताई. गेलेलं कोण मोजतं?"

त्यांचं वाक्य मी 'इतर'मध्ये जसंच्या तसं लिहिलं. अहवालात 'इतर'चं पानच नव्हतं. महागाई पहिल्या क्रमांकावर होती आणि शिफारस होती, भाजीपाला स्वस्त करण्याचं आश्वासन ठळकपणे द्या. कांदा पिकवणाऱ्या तालुक्यांत! वाचून अंगाचा तिळपापड झाला. ज्यांचं मत हवंय त्यांच्या मनात काय सलतंय हे ऐकायला माणसं पाठवायची, आणि त्यांनी आणलेलं टाकून द्यायचं?

४ जूनला भाजपच्या उमेदवार, तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री डॉ. भारती पवार लाखाहून अधिक मतांनी हरल्या. विरोधी आघाडीचे, शिक्षक असलेले भास्कर भगरे जिंकले. नोव्हेंबरमध्ये याच लोकसभा क्षेत्रातल्या सहाही विधानसभा जागा भाजपच्या महायुतीकडे गेल्या. मधल्या काळात लाडक्या बहिणींना महिना १५०० सुरू झाले होते, सप्टेंबरात कांद्याच्या किमान निर्यात दराची, म्हणजे ठरावीक दराखाली बाहेर न विकण्याची, अट गेली होती आणि निर्यात कर निम्म्यावर आला होता. लोक फिरले, असं काहीजण सहज म्हणून टाकतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. पावती खिळ्याला टोचून ठेवणारी बाई उगाच फिरत नाही.

नोव्हेंबरात पुन्हा त्या मळ्यात गेले. लाल कांदा निघत होता. टॅब पिशवीतच ठेवला आणि आधी विचारलं, "मावशी, काय भावानं गेला?"

त्यांनी खिळ्यावरची नवी पावती काढून माझ्या हातात दिली.