हॅमरफेस्टमधील एकमेव जुनी इमारत

जूनच्या अखेरीस ट्रॉम्सोहून निघालेल्या किनारी जहाजाने आम्ही दोघे भल्या पहाटे उत्तर नॉर्वेतील हॅमरफेस्टच्या धक्क्यावर उतरलो, तेव्हा लख्ख ऊन पडले होते. सत्तराव्या अक्षांशाच्याही उत्तरेला असलेल्या या गावात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही.

माझे पहिले मत प्रतिकूल होते, हे मान्य करते. बर्गनमधील जुनी लाकडी घरे डोळ्यांसमोर असल्यामुळे येथील साधी, चौकोनी, जणू एकाच वर्षी बांधलेली घरे पाहून मन हिरमुसले. १९६१ सालचे चर्चही नवेच होते. मासे वाळत घालण्याच्या लाकडी मांडवांवरून त्याचा आकार सुचलेला आहे. रस्त्यापलीकडे दफनभूमी आणि तिच्यात एक लहानसे प्रार्थनागृह होते. तेथे थडग्यांवरील फुलझाडांना पाणी घालणाऱ्या एका वृद्ध बाईंनी शांतपणे सांगितले, “गावात युद्धापूर्वीचे एवढेच उरले आहे.”

१९४४ च्या शरद ऋतूत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्क प्रांतातील लोकांना सक्तीने बाहेर काढले आणि मागून येणाऱ्या सोव्हिएत फौजांना आसरा मिळू नये म्हणून गावेच्या गावे जाळली. काही कुटुंबे गुहांत आणि मातीच्या खोपट्यांत लपून राहिली. हॅमरफेस्टमध्ये १९३७ साली बांधलेले हे प्रार्थनागृह तेवढे वाचले. बाईंची आई हातात मावेल तेवढेच सामान घेऊन बोटीवर चढली होती. परतल्यावर घराची जागा कोणती, हेच तिला ओळखता येईना.

मी किल्लारीजवळच्या गावातली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमचे पुनर्वसन झाले आणि एकसारख्या घरांच्या रांगांत माझे बालपण गेले. आजी शेवटपर्यंत ‘घर’ म्हणाली, की ते जुन्या गावातलेच असे. असे असूनही त्या चौकोनी घरांकडे पाहताना मला काही सुचू नये, याचे फार वाईट वाटले. त्यानंतर मी त्या रस्त्यांवरून सावकाश, प्रत्येक घराचा दरवाजा पाहत हिंडले.

जहाज येथे फार वेळ थांबत नाही आणि बहुतेक प्रवाशांचे लक्ष पुढच्या नॉर्डकॅपकडे, युरोपच्या उत्तर टोकाच्या कड्याकडे, लागलेले असते, याची मला खंत वाटते. आम्ही दोन दिवस राहिलो. युद्धानंतरच्या पुनर्बांधणीला वाहिलेल्या संग्रहालयात पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ स्ट्रूव्हने केलेल्या भूमापनाचा १८५४ सालचा स्तंभ पाहिला.

निघण्याच्या आदल्या रात्री बारा वाजता पुन्हा दफनभूमीकडे गेलो. गावात सर्रास फिरणाऱ्या रेनडिअरांपैकी एक रस्त्याकडेला चरत होते. आकाश उजळलेले होते, आसपास कोणी नव्हते, आणि फुलझाडांखालची माती अजून ओली होती.